देवाला विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राने धंद्यात भागीदार व्हायला सांगितलंय आणि शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. याआधी दोन मोठे निर्णय झटक्यात घेतलेत, एक नोकरी सोडण्याचा, दुसरा घर विकण्याचा, आणि दोन्हींचा पस्तावा झालाय. ‘आधी देवाला विचार’ असं सगळे सांगतात. पण विचारायचं म्हणजे काय करायचं आणि उत्तर आलं हे ओळखायचं कसं, ते कुणीच सांगत नाही.

खरंय, सांगत नाही. मी चर्चचा पाळक म्हणून गेली २६ वर्षं अशा वेळी लोकांसोबत बसतोय, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीही ‘प्रार्थना करा, प्रभू दाखवेल’ एवढं बोलून मोकळा व्हायचो. समोरचा मान डोलवायचा, घरी जाऊन दोन मिनिटं डोळे मिटायचा आणि जे आधीच ठरलं होतं तेच करायचा. त्याने विचारलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. विचारलं होतं, पण उत्तराला वेळ दिला नव्हता.

बायबलमध्ये हे एका राजाच्या बाबतीत अगदी डोळ्यांसमोर घडतं. पहिलं शमुवेल, अध्याय १४. इस्राएलचा राजा शौल याच्याजवळ जेमतेम ६०० माणसं उरलीत आणि समोर शत्रूची, म्हणजे पलिष्ट्यांची छावणी आहे. त्याचा मुलगा योनाथान कुणाला न सांगता शस्त्रवाहकाला घेऊन कडा चढून जातो आणि शत्रूच्या ठाण्यात वीसेक माणसं पाडतो. तिकडे एकच गोंधळ उडतो. इकडे शौल याजकाला बोलावतो, देवाला विचारायची तयारी सुरू होते. पण छावणीतला गलका वाढत जातो, तसा शौल याजकाला म्हणतो, राहू दे, हात आवर. आणि लढायला निघतो.

शौल काही बेफिकीर माणूस नव्हता. विचारायला त्यानेच सुरुवात केली होती. बाहेरचा आवाज वाढला आणि हातातलं काम त्याने अर्ध्यावर सोडलं, एवढंच. पण त्याच दिवशी पुढे काय झालं पाहा. त्याने सैन्याला शपथ घातली: संध्याकाळपर्यंत, माझा सूड पुरा होईपर्यंत, जो अन्नाला शिवेल तो शापित. ऐकायला ही शपथ भक्तीचीच वाटते, उपासच की तो! पण दिवसभर पाठलाग करून लोक इतके गळाले, की संध्याकाळी लुटीतल्या जनावरांवर तुटून पडले आणि रक्तासकट मांस खाल्लं. त्यांच्या नियमशास्त्रात याला सक्त मनाई होती. योनाथानाच्या कानावर शपथ गेलीच नव्हती. त्याने काठीचं टोक मधाच्या पोळ्यात बुडवून तोंडाला लावलं, त्याला तरतरी आली, आणि तेवढ्यावरून पुढे बापाच्याच तोंडून त्याला मरणाची शिक्षा झाली. लोक आडवे आले म्हणून वाचला. मधल्या काळात शौलाला पुन्हा पाठलागाची घाई झाली होती. तेव्हा याजकालाच म्हणावं लागलं की आधी देवाजवळ जाऊ या. शौलाने विचारलं, पण त्या दिवशी उत्तर आलं नाही.

घाईच्या निर्णयामागे बहुतेक वेळा असा एखादा गलका असतो. तो ओळखता आला की अर्धं काम झालं.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असे तपशील गाळून. एक गृहस्थ दुपारी माझ्यासमोर येऊन बसले. मोबाइलवर राजीनाम्याचा मेल टाइप करून तयार होता, अंगठा ‘पाठवा’च्या बटणावर. म्हणाले, “पास्टर, एक प्रार्थना करा, मग पाठवतो.” मी म्हटलं, आधी फोन टेबलावर पालथा ठेवा. ठेवला. पुढच्या दहा मिनिटांत तो तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा त्यांचा हात आपसूक तिकडे गेला. शेवटचं कधी जेवलात म्हणून विचारलं, तर सकाळपासून पोटात काही नव्हतं. अकराच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत पाणउतारा केला होता. मी म्हटलं, प्रार्थना करू, पण ‘या राजीनाम्याला आशीर्वाद दे’ अशी नाही करायची; ‘हा राजीनामा द्यायचा का’ अशी करायची. ते चिडले. चहाही न घेता गेले, पण मेल न पाठवता गेले. दोन आठवड्यांनी त्यांनी राजीनामा दिलाच. फक्त या वेळी बायकोशी बोलून, नोटिशीचा काळ पाळून, आणि साहेबांवरच्या त्या चार ओळी काढून. त्याच साहेबांनी पुढे त्यांची शिफारस केली.

म्हणजे निर्णय तोच राहिला. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘देवाला विचारणं’ म्हणजे ‘थांबणं’ आणि ‘थांबणं’ म्हणजे ‘नाही म्हणणं’ असं समीकरण उतावळ्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. म्हणूनच तो विचारायला घाबरतो.

वेगालाही मी दोष देत नाही. नाबाल नावाच्या एका श्रीमंताने अपमान केला तेव्हा दावीद, जो पुढे राजा झाला, ४०० माणसांना तलवारी बांधायला लावून निघाला, नाबालाच्या घरातला एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाही म्हणून. त्याच वेळी नाबालाची बायको अबीगईल हिनेही घाईच केली. शास्त्रात तसं स्पष्ट म्हटलंय. २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, मनुका, अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादल्या आणि नवऱ्याला न सांगता दावीदाला वाटेतच गाठलं. दोघांचाही वेग सारखाच होता. दावीदाला त्याचा संताप हाकत होता, अबीगईल मात्र पुढचं पाहत होती. उद्या तू राजा होशील तेव्हा हे विनाकारण सांडलेलं रक्त तुझ्या मनाला डाचू नये, असं तिने त्याला सांगितलं.

दावीदाची यातली दुसरी गंमत अशी, की दोनच अध्याय मागे, पलिष्ट्यांनी हल्ला केलेल्या कईला नगराच्या प्रकरणात, हाच माणूस पावलापावलावर देवाला विचारत होता. पलिष्ट्यांसारखा मोठा शत्रू असला की विचारायचं, आणि एका तोंडाळ श्रीमंताने अपमान केला की सरळ तलवार काढायची. माझ्या पाहण्यात बहुतेकांची घसरण अशीच होते. लग्न, शस्त्रक्रिया यांसाठी ते उपास-प्रार्थना करतात. अपमानानंतर पाठवलेला मेसेज त्यांना विचारण्याजोगा वाटतच नाही. दावीदाला त्या दिवशी स्वप्न पडलं नाही, की आकाशवाणी झाली नाही. गाढवावरून एक बाई आली आणि स्पष्ट बोलली. आणि त्याने ओळखलं. म्हणाला, परमेश्वरानेच तुला आज मला भेटायला पाठवलं. तुमच्या पत्रात तुमच्या पत्नीचा उल्लेख नाही. भागीदारीबद्दल तिचं म्हणणं काय आहे?

आता विचारायचं कसं, ते.

कईलाच्या वेळी दावीदाने काय विचारलं ते पाहिलं की पद्धत कळते. ‘माझ्या आयुष्याची दिशा काय’ असं मोघम काही त्याने विचारलं नाही. मी जाऊन पलिष्ट्यांवर हल्ला करू का? हो. त्याची माणसं घाबरली, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारण्यात कमीपणा मानला नाही. नगर सोडवल्यावर त्याच्या जिवावर उठलेला शौल चालून येतोय असं कळलं तेव्हा आणखी दोन प्रश्न: शौल येईल का? इथले लोक मला त्याच्या हाती देतील का? उत्तर आलं, येईल आणि देतील. मग दावीद आपली ६०० माणसं घेऊन निघून गेला, शौल आलाच नाही आणि कुणी कुणाला हाती दिलं नाही. सांगितलेलं प्रत्यक्षात घडलंच नाही, कारण ते सांगितलं होतं ते दावीदाने हलावं म्हणून. भविष्य विचारणं आणि मार्ग विचारणं यातला फरक एवढा स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेला नाही. ‘हा धंदा चालेल का?’ हा तुमच्या मनातला प्रश्न भविष्याचा आहे. ‘ही भागीदारी मी घ्यावी का, या माणसाबरोबर, या अटींवर, आत्ता?’ असा विचारा.

कागदावर लिहा. एका वाक्यात. मोबाइलवर नको, तिथे गलका असतो. वाक्य लिहिता येत नसेल तर तुम्हाला काय विचारायचंय हेच अजून ठरलेलं नाही, आणि अशा अवस्थेत हो म्हणणं म्हणजे पावतीवर आकडा न बघता सही करणं.

त्याखाली दुसरी ओळ लिहा: ‘उत्तर “नाही” असं आलं तर मी काय करीन?’ इथे माणसं अडखळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. यिर्मयाच्या ४२ व्या अध्यायात, यरुशलेम पडल्यावर मागे उरलेसुरले लोक यिर्मया संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, आम्ही कुठे जावं ते परमेश्वराला विचार. बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. यिर्मया विचारतो. उत्तर यायला दहा दिवस लागतात. उत्तर येतं: इथेच राहा, मिसरला, म्हणजे इजिप्तला जाऊ नका. आणि लोक म्हणतात, तू खोटं बोलतोस! मिसरला जायचं त्यांचं आधीच ठरलं होतं, नुसता शिक्का हवा होता. जाताना ते यिर्मयालाही सोबत घेऊन गेले. देवाचा माणूस सोबत असला की आपलीच वाट देवाची वाटते, असाही हिशेब असेल.

तेव्हा प्रार्थनेला बसल्यावर पहिली विनंती मार्गासाठी करू नका. ‘नाही’ ऐकायची तयारी मागा. ती यायला कधी तासभर लागतो, कधी आठवडा. ती आल्याशिवाय पुढचं सगळं विचारल्याचं नाटक होतं.

मग उत्तर ओळखायचं कसं? लोक मला सगळ्यात जास्त सांगतात ते ‘मनाला शांती वाटली’. शांतीला मी मान देतो, पण एकट्या शांतीवर निर्णय सोडत नाही. योना संदेष्टा देवाच्या आज्ञेपासून पळत होता, आणि वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. कधीकधी शांती म्हणजे ‘सुटलो एकदाचा’ एवढंच असतं. अवघड निर्णय घेऊन टाकल्यावर, बरोबर असो वा चूक, पहिली दोन रात्री झोप छान लागते. तुम्हाला हे त्या दोन निर्णयांवरून आठवत असेल.

डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचं आणि ज्या ओळीवर बोट पडेल ती खूण मानायची, हे मी कुणालाही करू देत नाही. त्यात शब्द शास्त्राचे असले तरी निवड बोटाची असते. खुणा मागण्याबद्दल गिदोनाच्या लोकरीचा दाखला हमखास दिला जातो: रात्री बाहेर ठेवलेली लोकर दवाने भिजावी आणि भोवतालची जमीन कोरडी राहावी, अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती. पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगून झालं होतं, त्याचा धीर होत नव्हता म्हणून लोकर आली. देवाने त्याचा अशक्तपणा सांभाळून घेतला; त्यातून पद्धत बनवायची गरज नाही.

खुणांवरून एक खराखुरा किस्सा. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक स्पॅनिश सैनिक अंथरुणात पालटला आणि पुढच्या वर्षी खेचरावर बसून यात्रेला निघाला. वाटेत एका परधर्मी वाटसरूशी येशूची आई मरिया हिच्यावरून वाद झाला, वाटसरू पुढे निघून गेला, आणि याला ठरवता येईना की मागे जाऊन त्याला खंजिराने भोसकावं की सोडून द्यावं. शेवटी त्याने लगाम सैल सोडला: फाट्यावर खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळलं तर भोसकायचं, नाहीतर सोडायचं. गावाची वाट रुंद आणि सोपी होती, तरी खेचराने दुसरी धरली. हा सैनिक म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस. निर्णयाआधी अंतःकरण कसं पारखावं यावर चर्चमध्ये आजही ज्याचे नियम वापरतात, तोच. त्याची साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये छापून निघाली आणि तिच्यात खेचराला काही काम ठेवलेलं नाही. वयोवृद्ध झाल्यावर हा प्रसंग त्याने स्वतःच सांगितला, हे मला त्याच्या नियमांइतकंच आवडतं.

त्याचा एक नियम सगळ्यांना माहीत असतो: मन कोरडं, उदास, देवापासून दूर वाटत असेल तेव्हा आधीचा निर्णय बदलू नका. दुसरी सूचना मात्र फारशी कुणी सांगत नाही. साधक आनंदात, उत्साहात, भरून आलेला असेल तेव्हा मार्गदर्शकाने त्याला घाईघाईने शब्द देण्यापासून किंवा नवस बोलण्यापासून सावध करावं. उदासीत पाऊल वाकडं पडेल हे आपल्याला पटतं. भक्तीच्या भरात पडेल हे पटत नाही.

मला तर ते अनुभवूनच पटलं. तरुणपणी तीन दिवसांच्या एका प्रार्थना शिबिराच्या शेवटी मी गहिवरून उभा राहिलो आणि मुलांच्या एका वसतिगृहाची जबाबदारी घेतो असं सर्वांसमोर जाहीर केलं. टाळ्या झाल्या. रात्री बायकोला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कधी विचारलंस?” मी म्हटलं, अगं, तीन दिवस प्रार्थनाच तर चालू होती. ती म्हणाली, “मला कधी विचारलंस?” दीड वर्ष ते काम ओढलं आणि सोडावं लागलं. मुलांना पुन्हा नव्या माणसाची सवय करून घ्यावी लागली, आणि त्याचं ओझं माझ्या पापांच्या यादीत मी अजून वेगळं ठेवतो.

म्हणून मी आता उत्तर एका ठिकाणी शोधत नाही. शास्त्रात ज्याला सरळ मनाई आहे त्यासाठी प्रार्थना लागत नाही. हिशेबात लबाडी करावी लागणार असेल तर भागीदारीचं उत्तर आलेलंच आहे. त्यापुढे दोन माणसं शोधा: एक, तुमच्यावर जीव असलेलं, दुसरं, तुम्ही हो म्हणा किंवा नाही, ज्याचं काहीच जात-येत नाही. दोघांनाही कागदावरचं तेच वाक्य वाचून दाखवा, मनासारखं सजवून सांगू नका. आणि तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत, पोटात अन्न आणि झोप पुरी झालेली असताना, तोच प्रश्न घेऊन बसा. थकलेला तुम्ही, प्रसन्न तुम्ही आणि नेहमीचे तुम्ही एकाच बाजूला झुकत असाल तर मी ते गांभीर्याने घेतो.

आता विचारून घेतलेला निर्णय सुखाचाच निघेल का? नाही. बारा प्रेषित निवडायच्या आदल्या रात्री येशू डोंगरावर गेला आणि रात्रभर प्रार्थनेत राहिला, लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. सकाळी त्याने बारा जण निवडले. त्यात यहूदा इस्कर्योत होता, ज्याने पुढे त्याला धरून दिलं. या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. परिणाम कडू निघाला म्हणून ‘मी नीट विचारलंच नव्हतं’ असं स्वतःला टोचत बसणाऱ्या कितीतरी लोकांना मी ती वाचून दाखवली आहे.

आणि तुमचे ते दोन जुने निर्णय. इस्राएलचा पुढारी यहोशवा याच्याकडे गिबोनचे लोक आले ते फाटके बुधले, झिजलेली पायताणं आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन, फार लांबून आलोय म्हणत. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, परमेश्वराला विचारलं नाही आणि शपथपूर्वक करार केला. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच! करार मोडला नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात त्याच गिबोनवर पाच राजे चालून आले तेव्हा यहोशवा रात्रभर चालून त्यांच्या मदतीला गेला, आणि परमेश्वर त्याच्या बाजूने लढला. न विचारता केलेल्या करारातून उद्भवलेल्या लढाईत! विकलेलं घर परत येणार नाही. त्यातून आलेली कर्तव्यं पार पाडताना मात्र देव पाठ फिरवून उभा आहे असं समजू नका.

राहता राहिला शुक्रवार. ही तारीख कुणी घातली? बँकेने, सरकारने, की मित्राने? मित्राने घातली असेल तर आज संध्याकाळी त्याला फोन करून दहा दिवस मागा. कारण विचारलं तर खरं सांगा: घाईत निर्णय घ्यायची मला सवय आहे, या वेळी पत्नीशी बोलून, प्रार्थना करून सांगतो. तो काय म्हणतो आणि कोणत्या सुरात म्हणतो, ते त्याच कागदावर तिसऱ्या ओळीत लिहून ठेवा.